वाऱ्याचे चौरस फूट

मुंबईत एके काळी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली तो मोठ्या आग्रहाने मांडला. राहत्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढायची. त्या रेघेचा जमिनीशी होणारा कोन ६३.५ अंशांहून मोठा भरला, की खोलीला पुरेसा उजेड आणि हवा नाही असं धरायचं. शाळेतली त्रिकोणमिती ज्यांना आठवते त्यांना हिशेब लगेच लागेल. समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये किमान २० फूट मोकळं हवं, म्हणजे उंचीच्या निम्मं.

या नियमामागे प्लेग होता. १८९६ साली मांडवीत सुरू झालेली साथ शहरभर पसरली, लोक गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या आणि १८९८ साली सरकारने हा ट्रस्ट स्थापन केला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग वाढतो हे तेव्हाच्या डॉक्टरांचं ठाम मत. म्हणून समुद्रावरचं वारं दाट वस्तीच्या पोटात शिरावं यासाठी प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते घरं पाडून काढले गेले. आजचा शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग हे त्या अर्थी शहराचे हवेचे नळ आहेत. ट्रस्टने पाडलं फार आणि बांधलं कमी, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खोटी नव्हती. पण दादर-माटुंग्याच्या योजना याच ट्रस्टच्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सच्या भागात इमारतींमध्ये आजही जे अंतर दिसतं, चारही बाजूंनी खिडक्या दिसतात, ते आपोआप झालेलं नाही.

शंभर वर्षांनी याच शहराने काय केलं ते गोवंडीत दिसतं. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. ऑरसाहेबांची रेघ तिथे ओढली तर कोन ८३ अंशांच्या आसपास जाईल. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने या वसाहतींचा अभ्यास केला. २०१८ मध्ये आलेल्या त्या अहवालाने क्षयरोगाचा संबंध थेट घरात न येणाऱ्या उजेडाशी आणि न फिरणाऱ्या हवेशी जोडला. खालच्या मजल्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. दिवसाही दिवा आणि पंखा चालू ठेवल्याशिवाय ज्या घरात बसता येत नाही, तिथे आजार आणि विजेचं बिल एकाच खिडकीतून आत येतात.

या लेखाचा विषय बिल हा आहे. पण आजार त्यापासून वेगळा काढता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून केली.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यानुसार २०१९ साली शहराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होतं आणि त्यातला जवळपास ७२ टक्के वाटा इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा होता. वाहनांचा वाटा २० टक्के. आपण बोलतो मात्र वाहनांबद्दल. मोटारींचा धूर नाकाला कळतो. घरातल्या एसीचा धूर डहाणूच्या नाहीतर त्याहून लांबच्या कुठल्यातरी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो, त्यामुळे तो आपला वाटतच नाही.

खरं तर परळ-लालबागची पहिली मोठी वीज धुराची नव्हतीच. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाच्या जोरावर गिरणगावातली यंत्रं फिरू लागली. मागोमाग भिवपुरी आणि भिरा आले. कोळशाच्या धुराला कंटाळलेल्या शहराने पाण्याची वीज घेतली आणि पुढे शहराची भूक वाढली तसं पुन्हा कोळशाकडे जावं लागलं.

गिरण्यांचाच विषय निघालाय तर त्यांच्या छपरांबद्दलही सांगायला हवं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती काच उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेचा उजेड शांत असतो, त्यात थेट ऊन नसतं. मागावर सूत तुटलं तर कामगाराला दिसावं एवढा प्रकाश दिवसभर मिळतो, दिवा न लावता. मुंबईत सूर्य १५ मेच्या सुमारास डोक्यावर येतो आणि जुलैच्या शेवटापर्यंत किंचित उत्तरेकडे असतो. पण त्यातला बराच काळ ढगांचा, त्यामुळे हे गणित बाराही महिने जमायचं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर लोअर परळला ज्या कचेऱ्या उभ्या राहिल्या त्यांतल्या कित्येकांना पश्चिमेकडे अखंड काच आहे. दुपारी तीन ते सहा ऊन सरळ आत येतं, मग आत पडदे ओढतात, पडदे ओढले म्हणून दिवे लावतात आणि दिव्यांची नि उन्हाची उष्णता बाहेर काढायला एसी वाढवतात. हे सगळं पगारी, शिकल्यासवरलेल्या माणसांनी ठरवून केलेलं आहे.

मुंबईत घर बांधणाऱ्यापुढचा खरा पेच पश्चिमेचा आहे. दुपारचं वारं पश्चिमेकडून, समुद्रावरून येतं. पावसाचा मारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. तापलेलं, तिरपं, सोसवत नाही असं ऊनही पश्चिमेकडूनच. वारा हवा तर तिकडे उघडायला हवं. ऊन-पाऊस नको तर तिकडे बंद करायला हवं. दक्षिणेच्या उन्हाला वरचा छज्जा पुरतो, कारण तिथे सूर्य उंच असतो. पश्चिमेचा सूर्य छज्ज्याखालून डोकावतो. मार्चमध्ये ज्या दिवशी जमिनीवरचे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचं वारं दुपारपर्यंत येतच नाही, त्या दिवशी पारा चाळिशीला टेकतो, हे मुंबईकराला वेधशाळेने सांगावं लागत नाही.

या पेचाचं जुनं उत्तर म्हणजे गॅलरी.

गिरगावात मुगभाट, फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी असं कुठेही आत शिरा. लाकडी चाळीची रचना साधी असते: बाहेर चार-पाच फुटांची सामाईक गॅलरी, तिच्यावर उतरतं छप्पर, मग पुढची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला मागच्या अंगाला खिडकी. दार उघडं टाकलं की वारा पुढून शिरतो, मागून जातो. ऊन गॅलरीतच अडतं; आतल्या भिंतीपर्यंत पोचत नाही. पाऊसही गॅलरीतच अडतो, फार तर वाळत घातलेले कपडे भिजवतो. खिडकीची दोन झडपं पूर्ण उघडतात. दारावर झरोका असतो, त्यातून वर साठलेली गरम हवा निघून जाते. वर मंगलोरी कौलं असली तर त्यांच्या फटींतूनही जाते. खोताच्या वाडीतल्या घरांचे व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने हे याच कुळातले. तिथल्या पासष्टेक घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत.

हे सगळं कौतुकाने लिहिताना हात जरा आखडतो, कारण चाळीबद्दल गहिवरून लिहिणारे बहुतेक जण ती सोडून गेलेले असतात. रांग लावून संडासला जाणं, दीडशे-पावणेदोनशे फुटांत आठ माणसं, मोरीत आडोसा लावून अंघोळ, हे ज्यांनी भोगलं त्यांना गॅलरीचं वारं सांगू नये. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि लाकूड कुजत गेलं. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं तेव्हा शहर बेटावर अशा १९,६४२ उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती मोजल्या होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. या इमारती पाडायला हव्यातच, निदान बऱ्याचशा. वाद त्यांच्या जागी काय येतं याबद्दल आहे.

आणि सगळ्या चाळी गॅलरीच्या नसतात. बीडीडी चाळी घ्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. बांधकाम काँक्रीटचं, त्या काळी अगदी आधुनिक. पण इथे गॅलरी बाहेर नाही. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोलीला खिडकी एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचं दार बोळात उघडणार आणि बोळापलीकडे दुसऱ्याचं दार. वारा जायचा तर दोन्ही बिऱ्हाडांनी एकाच वेळी दारं उघडी टाकायची. कामगारांना हे फार रुचलं नाही. वरळीच्या बऱ्याच खोल्या सुरुवातीची कित्येक वर्षं रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने त्यांतल्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला.

आता याच बीडीडी चाळींच्या जागी उंच टॉवर येत आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १५,५९३ कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या. तीन-चार पिढ्यांनी १६० फुटांत काढल्यावर स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर, दोन वेगळ्या खोल्या. याचं मोल ज्याला कळत नाही त्याने गिरणगावावर लिहू नये.

तरीही एक गणित मांडतो. या १५,५९३ घरांनी प्रत्येकी एकच एसी लावला आणि तो वर्षाला ८०० युनिट खात असेल, तर एकूण सव्वा कोटी युनिट होतात. देशाच्या ग्रिडवरचं एक युनिट सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे वर्षाला पावणेनऊ हजार टनांच्या आसपास. एसी लावू नका असं या कुटुंबांना कोणी सांगू शकत नाही, मलबार हिलवरून तर नाहीच. एसी ही चैन राहील का गरज होईल, हे खरं तर घरात राहणाऱ्याने ठरवायचं असतं. पण ते बऱ्याच अंशी आधीच ठरून गेलेलं असतं, नकाशावर.

टॉवरच्या नकाशात बहुतेक ठिकाणी मधोमध लिफ्ट आणि जिने, त्यांच्याभोवती आतली लॉबी आणि लॉबीच्या दोन्ही अंगांना फ्लॅट अशी मांडणी असते. थोडक्यात, गिरगावची गॅलरी सोडून शहराने बीडीडीचा बोळ उचलला आणि उंच केला. न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये. एसीची बाहेरची युनिटंही पुष्कळदा त्याच डक्टमध्ये टांगलेली, त्यामुळे एकाने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो आणि यंत्र जास्त वीज खातं. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपलीकडे फारसा पोचत नाही; समोरासमोर उघडी बाजू असेल तर तोच पाचेक पट आत जातो. हा ठोकताळा वास्तुकलेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

खिडकीचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेसाठी तिचा एक निकष असा, की चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश इतका भाग प्रत्यक्ष उघडता आला पाहिजे. ५०० फुटांच्या घराला सुमारे ८३ चौरस फूट. आता पाच बाय चारची स्लायडिंग खिडकी मोजा: काच दिसते २० फुटांची, उघडते निम्मीच, कारण एक पल्ला दुसऱ्यामागे जातो. अशा तीन खिडक्या मिळून तीसच फूट. बाल्कनीचं मोठं दार असतं तर तूट भरून निघाली असती. पण २०१२ साली विकास नियंत्रण नियम बदलले, बाल्कनी आणि फ्लॉवरबेड एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या हिशेबात, मोजायला सुरुवात झाली. त्याआधी बिल्डर बाल्कनी फुकटात दाखवून मग खोलीत घालून विकत, तो गैरप्रकार थांबवणं हा त्यामागचा हेतू. हेतू रास्त होता. परिणाम असा, की बाल्कनीच्या प्रत्येक फुटाची किंमत खोलीच्या फुटाइतकी झाली आणि नकाशे काढणाऱ्यांनी ती वगळायला सुरुवात केली.

भिंतीचंही तसंच. मायवान शटरिंगने सबंध घर, भिंतींसह, एकसंध काँक्रीटचं ओततात. मजला झपाट्याने होतो. पण सहा इंची काँक्रीटची भिंत उन्हात तापली की रात्री आतल्या बाजूने उष्णता सोडत राहते. तेवढ्याच जाडीची सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच उष्णता आत येऊ देते. शिवाय सिमेंट. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा, आणि चाळीस मजल्यांच्या इमारतीला चार मजल्यांपेक्षा फुटामागे जास्त काँक्रीट आणि पोलाद लागतं. म्हणजे पहिला दिवा लागण्याआधीच इमारतीच्या नावावर उधारी असते. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी १९६०च्या दशकातली ५३० घरांची वसाहत न पाडता, माणसं आत राहत असतानाच, तिला बाहेरून रुंद गॅलऱ्या जोडून दिल्या. २०२१चं प्रित्झ्कर पारितोषिक त्यांना मिळालं. कुजलेल्या सागवानाच्या चाळीवर हा प्रयोग चालणार नाही. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या दादर-परळच्या आरसीसी इमारती पाडण्याआधी असा विचार कोणी केला असता तर बरं झालं असतं.

उपाय विचारला की सोसायट्या आधी सोलरकडे वळतात. टॉवरच्या गच्चीचा हिशेब करून पाहा. मजल्यावर आठ घरं, चाळीस मजले, ३२० घरं. गच्चीवर पाच हजार फूट मोकळे मिळाले असं उदार मनाने धरलं तर ५० किलोवॉट बसतील, वर्षाला ७० हजार युनिट निघतील. घरटी सव्वादोनशेही नाहीत. बैठ्या घराला सोलर खूप काही देतं. टॉवरला जिन्याचे दिवे आणि थोडी प्रतिष्ठा. पाण्याच्या पंपाबद्दलही लोक फार तक्रार करतात. एका घराचं रोजचं ६०० लिटर पाणी सरासरी साठ मीटर चढवायला पंपाची गळती धरूनही पाव युनिट लागत नाही. एका खोलीचा एसी रात्रभरात चार-पाच युनिट सहज घेतो. चोर पंपात नाही.

उंच इमारत म्हणजे वारा बंद, असंही नाही. पेडर रोडजवळच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत पाहिली असेल. चार्ल्स कोरिया यांनी तिच्यात पश्चिमेचाच पेच सोडवला. समुद्र आणि वारा पश्चिमेला, ऊन-पाऊसही पश्चिमेला. जुन्या बंगल्यांनी त्यासाठी घराभोवती व्हरांडा गुंडाळला होता, तोच त्यांनी २८ मजल्यांवर नेला. १९८३ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीत ३२ घरं आहेत आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल बागा कोरल्या आहेत. ऊन त्या बागेत थांबतं, वारा पुढे जातो. घरं अर्थातच श्रीमंतांची. पण कल्पना श्रीमंतांची नाही. फणसवाडीतल्या गॅलरीत तीच आहे. चाळीस वर्षांत शहराने कांचनजंगाचे फोटो पुष्कळ काढले, तिची नक्कल केली नाही. कारण वर आलंच आहे: गॅलरीचे फूट विकता येत नाहीत आणि मोजले मात्र जातात. नियम बदलायचाच तर इथे बदलायला हवा. खोलीत सामील करता येणार नाही अशी, बाहेरून जाळी-काच लावायला बंदी असलेली पाच फुटांची गॅलरी एफएसआयबाहेर ठेवली तर बिल्डरचं नुकसान नाही, रहिवाशाचा फायदा आहे. गैरवापर होईल का? होईल. पण तो पकडायचं काम वॉर्ड ऑफिसचं. त्याची शिक्षा पुढच्या साठ वर्षांच्या वीजबिलाने भोगावी हे गणित उलटं आहे.

लहान गोष्टीही आहेत, त्या मात्र लोकांना माहीत असतात आणि फार खर्चाच्या नाहीत. गच्चीवर कोबा करून वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे लावणं ही मुंबईची जुनी रीत. गळती थांबते आणि वरचा मजला थंड राहतो. आता पत्र्याची शेड टाकतात. दाराला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं ठेवलं आणि लॉबीला टोकाला उघडी जाळी असली तर टॉवरमध्येही वारा वाहतो. लॉबी दोन्ही टोकांना बंद असेल तर शेजाऱ्याच्या फोडणीचा वास येतो, वारा येत नाही. पूर्वीचा पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास, आणि पंख्याखाली माणसाला दोन-तीन अंश कमी वाटतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशभरच्या कचेऱ्यांतून केलेल्या अभ्यासातही हेच निघालं, की उघड्या खिडक्यांच्या इमारतीत बसणाऱ्याला एसीत बसणाऱ्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानालाही ठीक वाटतं. गिरगावातल्या म्हाताऱ्यांना त्यासाठी अभ्यास लागला नसता.

पगडीच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक भरते तेव्हा चार-पाच विषयांवर आवाज चढतो: चटईक्षेत्र किती, भाडं किती आणि किती वर्षांचं आगाऊ, कॉर्पस किती, बँक गॅरंटी कोणाची, पार्किंग मिळणार का. प्रत्येक विषय रास्त आहे. फसवली गेलेली माणसं अशाच गोष्टींत फसली आहेत. मग कागदावर पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीची इमारत अशा दोन चौकटी येतात. समुद्राकडची बाजू बहुतेक वेळा विक्रीला जाते, पुनर्वसनाची इमारत तिच्या सावलीत उभी राहते, दोन्हींच्या मध्ये पार्किंगचं सहा-सात मजली पोडियम. या कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा एक छोटा बाण काढलेला असतो. तो धरून नकाशा वाचला की आपली खिडकी कुठे उघडते, तिच्यासमोर किती फुटांवर कोणती भिंत येते आणि दारासमोरची लॉबी आकाश पाहते का डक्ट, हे पाच मिनिटांत कळतं. समितीतल्या एखाद्या इंजिनिअर पोराला तेवढं विचारायला लावा, आणि ते आयओडी (महापालिकेची बांधकामाची पहिली मंजुरी) मिळण्याआधी. नंतर बिल्डर सँपल फ्लॅट दाखवायला नेतो, तो तळमजल्यावर प्लायवूडच्या भिंतींत उभारलेला असतो आणि तिथला एसी सकाळपासूनच चालू असतो.